महात्मा जोतीराव फुले यांचा मळा व वाडा

किल्लारी व आसपासच्या गावांतील आमच्या ज्ञातिबांधवांस घर म्हणजे काय हे निराळे सांगण्याचे कारण नाही. गणपती विसर्जनाची रात्र सरून दि. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट व्हावयाची होती, चार वाजण्यास काही मिनिटे होती, तोच धरणी हादरली आणि दगडमातीच्या रुंद भिंतींची, माळवदाची घरे आत निजलेल्या माणसांवर कोसळली. नवे गाव दुसरीकडे वसले, पक्की घरे मिळाली. परंतु आजोबा-पणजोबांनी ज्या ओसरीवर बसून हिशेब केले ती ओसरी कोणास परत मिळाली नाही. जुन्या घराचा पत्ता विचारला असता वडीलधारी माणसे अजून पडक्या गावठाणाकडे बोट दाखवितात. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत एका घराची व त्या घराच्या धन्याची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ते घर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे, निदान नावाने तरी आहे. ते पुण्यास गंज पेठेत आहे व त्याचे धनी महात्मा जोतीराव गोविंदराव फुले होत.

जोतीरावांची चरित्रे पुष्कळ झाली आहेत. कै. पंढरीनाथ सीताराम पाटील यांचे चरित्र १९२७ साली निघाले, श्री. धनंजय कीर यांचे १९६४ साली. त्यांचे समग्र वाङ्मय राज्य शासनाने १९६९ साली प्रसिद्ध केले. शाळा, ग्रंथ आणि सत्यशोधक समाज यांचे वर्णन त्यांत विस्ताराने आले आहे व ते आमच्या मुलांनी शाळेतही वाचलेले असते. आम्ही येथे विशेषेकरून माळ्याच्या दृष्टीने पाहणार आहोत. जमीन कशी मिळाली, कशी गेली, पुन्हा कशी उभी केली, आणि घराचे शेवटी काय झाले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. त्यात आमच्या ज्ञातीस भूषणावह गोष्टी आहेत. काही तशा नाहीत, त्याही सांगितल्या पाहिजेत.

या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण. जोतीरावांचे पणजोबा तेथे चौगुल्याचे काम करीत. गावच्या कुळकर्ण्याशी वितुष्ट आल्यामुळे त्यांनी गाव सोडले व पुरंदर तालुक्यात सासवडजवळ खानवडी येथे येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव शेटीबा यांच्या हातून संसार नीट चालला नाही. होते नव्हते ते गेले आणि तीन मुलांस घेऊन ते पुण्यास आले. राणोजी, कृष्णा आणि गोविंद ही ती तीन मुले. पुण्यातील एका फुलाऱ्याने त्यांस आपल्या हाताखाली घेतले व फुलांचा धंदा शिकविला. हे तिघे भाऊ त्या कामात इतके तरबेज झाले की, पेशव्यांच्या वाड्यात लागणारी फुलांची गादी, गजरे, हार, अलंकार त्यांजकडून जाऊ लागले. त्या सेवेबद्दल पेशव्यांनी त्यांस ३५ एकर जमीन फुलबागेसाठी इनाम दिली. गोऱ्ह्यांचे फुले झाले ते येथून.

फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी अशी आमच्यातील पोटभेदांची नावे पिकांवरून पडलेली आहेत हे सर्वांस ठाऊकच आहे. फुलांचे पीक हे त्यांत सर्वांत नाजूक. गहू-ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, हळद शिजवून वाळवून ठेवता येते; फूल पहाटे तोडले ते दुपारपर्यंत कोणाच्या तरी कामास आले पाहिजे. म्हणून फुलमाळ्यास शहर जवळ लागते आणि गिऱ्हाईक कायमचे लागते. पेशव्यांच्या वाड्यासारखे गिऱ्हाईक लाभल्यावर या तीन भावांचे भाग्य उघडले यात नवल नाही. १८१८ साली पेशवाई गेली. पुढे इनामाची जमीन थोरले बंधू राणोजी यांनी आपल्याच ताब्यात घेतली आणि धाकट्या गोविंदरावांच्या वाट्यास काही आले नाही. भाऊबंदकीत अशी एखादी ३५ एकरांची गोष्ट नाही, असे घराणे आमच्या ज्ञातीत क्वचितच सापडेल. गोविंदरावांनी तक्रार करीत न बसता फुलांचे व भाजीपाल्याचे दुकान घातले, हातात थोडा पैसा जमविला, थोडीबहुत शेती केली आणि संसार सावरला. त्यांच्या पत्नी चिमणाबाई झगडे पाटलांच्या घराण्यातल्या. त्यांस राजाराम व जोतीराव असे दोन पुत्र झाले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. ते पुरते वर्षाचेही झाले नसता मातोश्री वारल्या. आईच्या नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर यांनी मुलास वाढविले.

सातव्या वर्षी जोतीराव शाळेत जाऊ लागले. परंतु माळ्याच्या पोराने लिहून वाचून काय करावयाचे, शेतीस मात्र तो निकामी होईल, असे दुकानातील कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरवून दिले आणि मुलाच्या हाती पाटीऐवजी खुरपे आले. येथे एक गोष्ट आम्हांस नमूद करावीशी वाटते. ही जी मधली तीन-चार वर्षे शाळेवाचून गेली, तीस चरित्रकार सहसा वाया गेलेली वर्षे समजतात. वाफे बांधणे, पाटाचे पाणी वळविणे, रोप लावणे, खत घालणे हे जोतीराव त्या वर्षांत हाताने शिकले. पुढे शेतकऱ्यांच्या स्थितीवर त्यांनी जे लिहिले त्यातले नांगर, बैल, बियाणे आणि बांध हे पुस्तकातून उचललेले नाहीत, ते या वर्षांतले आहेत. संध्याकाळी मळ्यातून परतल्यावर दिव्याशी पुस्तक घेऊन बसणाऱ्या या मुलाकडे शेजारच्या गफार बेग मुन्शी व लेजिट साहेब यांचे लक्ष गेले. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा विवाह नायगावच्या खंडोजी नेवसे पाटील यांच्या कन्या सावित्रीबाई यांच्याशी झाला होता.

१८४८ साली जोतीरावांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. घरी सावित्रीबाईंस शिकवून तयार केले व त्या शाळेत शिकवू लागल्या. या कामाने शहरात जो गहजब झाला त्याचे वर्णन सर्वश्रुत आहे. येथे आम्हांस सांगावयाचे ते एवढेच की, त्या गहजबाचा दाब शेवटी बापावर आला आणि बापाने मुलास व सुनेस घराबाहेर काढले. ते साल १८४९. दुकान चालवून खाणारा माणूस शहराशी वैर कसे करणार? गोविंदराव निष्ठुर होते असे आम्हांस वाटत नाही. ज्या ज्ञातीच्या पंक्तीत बसावयाचे, ज्यांच्या सोयरिकी करावयाच्या, त्या आपल्याच माणसांनी पाठ फिरविली असती ही भीती त्यांस असणार. तेव्हा बाहेरच्यांस दोष देताना आमच्या वडिलांच्या पंक्तीलाही आपण वगळू नये.

गंज पेठेतील घर १८५२ च्या सुमारास उभे राहिले असे मानतात. साधे कौलारू घर, पुढे ओसरी, आत खोल्या, मागे मोकळी जागा आणि आवारात विहीर. त्याला आज आपण वाडा म्हणतो. परंतु सरदार-दरकदारांचे चौसोपी वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ते एका बेताच्या कुळवाड्याचे घर वाटेल. त्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा शाळांबद्दल सत्कार केला. एकाच शहरात सरकार शालजोडी देते आणि शेजारी चिखल फेकतात, असा तो काळ होता.

याच घरात १८५६ साली मध्यरात्री दोन मारेकरी शिरले. एकाचे नाव रोडे, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. त्यांस कोणी पैसे देऊ केले होते. जोतीरावांनी त्यांची विचारपूस केली. आपल्या मरणाने या गरिबांस पैसे मिळणार असतील तर आपली हरकत नाही अशा अर्थाचे ते बोलले, तेव्हा दोघांच्या हातचे बळ गेले. रोडे पुढे त्यांच्या पाठीराख्यांत राहिला, आणि धोंडीराम तर शिकून सवरून सत्यशोधक समाजाचा मोठा आधार झाला. १८६३ साली फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले तेही या घराच्या आश्रयाने. त्या काळी असल्या विधवा बहुतेक ब्राह्मण घराण्यांतल्या असत. त्यांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी आपल्या हातांनी केली. आणि १८६८ साली, वडील वारले त्याच वर्षी, जोतीरावांनी आवारातला पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ माळ्यास जितका कळेल तितका इतरांस कळणार नाही. विहीर ही माळ्याची लक्ष्मी. मोट, नाडा, बैल, पाट ही त्याची सारी दौलत पाण्याभोवती उभी असते आणि पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांत डोकी फुटतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात आड आटले म्हणजे कोणाच्या विहिरीवर कोणी यावयाचे हा प्रश्न आमच्या पाहण्यातील आहे, आणि त्याचे उत्तर आपण काय देत आलो हेही आपण जाणतो. घरच्या पाण्यावरील पहारा उठविणे हे व्याख्यान देण्याहून फार कठीण काम होते. ते जोतीरावांनी केले आणि त्याची किंमत सोयऱ्या-धायऱ्यांत मोजली.

शाळांच्या कामाबद्दल जोतीराव पैसा घेत नसत. मग चरितार्थ कशावर चाले? येथे आपण त्यांच्या मळ्याकडे वळू. ते धंदेवाले गृहस्थ होते ही गोष्ट चरित्रांत झाकली जाते. ओतकामास लागणाऱ्या सामानाचा व्यापार त्यांनी केला. कात्रजचा बोगदा, येरवड्याचे काम, खडकवासल्याचे धरण अशा सरकारी बांधकामांवर मजूर, दगड, चुना पुरविण्याचे मक्ते त्यांनी घेतले. इंजिनिअरिंग खात्यातील लाचलुचपत, मजुरांच्या हजेरीतील लबाड्या, मक्तेदार व कारकून यांची संगनमते त्यांनी जवळून पाहिली आणि पुढे निर्भीडपणे लिहिली. या मक्त्यांतून जो पैसा उरला तो त्यांनी पुण्याच्या पूर्वेस मांजरी येथे जमिनीत घातला.

मांजरीचा मळा हा जोतीरावांच्या आयुष्यातला आम्हांस सर्वांत प्रिय वाटणारा भाग आहे. मुठा नदीवरील खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले आणि त्याच्या कालव्याचे पाणी पुण्याच्या पूर्वेकडील शिवारात आले. शेतकरी मात्र ते पाणी घेण्यास कचरत होते. कालव्याच्या पाण्याने जमीन बिघडते, पाणीपट्टी डोक्यावर बसते, एकदा नाव लागले की सुटका नाही, अशा नाना शंका. काही शंका अगदीच पोकळ नव्हत्या. पाणी मुरून जमिनी चोपण होण्याचा अनुभव पुढे कालव्याच्या मुलखात आलाच. जोतीरावांनी मांजरीस कालव्याचे पाणी घेऊन ऊस, फळझाडे व भाजीपाला लावला. वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांस ते पीक दिसे. ज्यांस पाणी घ्यावयाचे त्यांस वाफे कसे बांधावे, पाळी किती दिवसांनी द्यावी, कोणते पीक कोठे घ्यावे, हे तेथे बघून शिकता येई. राणोजींकडे गेलेल्या ३५ एकरांची भरपाई दोन पिढ्यांनी झाली, असे कोणी म्हणेल. फरक एवढा की, ती जमीन धन्याच्या मर्जीची होती. ही घामाची होती.

मळ्यातल्या या अनुभवावरच शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ उभा आहे. तो १८८३ च्या जुलै महिन्यात लिहून पुरा झाला. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांस जोतीरावांनी तो वाचून दाखविला. शेताच्या कडेने ताली व बंधारे घालावे म्हणजे पावसाने धुऊन जाणारी काळी माती शिवारातच राहील; पलटणी व पोलिसांतील रिकाम्या माणसांकडून ही कामे करून घ्यावी; तळी व धरणे बांधून प्रत्येकाच्या शेताजवळ नळाने पाणी न्यावे; परदेशातून उत्तम जातीची मेंढरे-बकरी आणून येथे त्यांची पैदास करावी; शेतकीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावी; शेतकऱ्यांच्या मुलांस शेतकीचे शिक्षण द्यावे. या सूचना वाचताना कोणासही वाटेल की त्या एखाद्या शेतकी खात्याच्या अहवालातील आहेत. किल्लारीच्या बाजूस तेरणेकाठी ज्यांची जमीन आहे त्यांनी तालींवरचा मजकूर अवश्य वाचावा. आपल्याकडे काळ्या मातीचा एक थर जाण्यास एक वळीव पुरतो.

या ग्रंथाच्या छपाईत जे घडले ते सांगताना मन संकोचते. असुडाचे प्रथम भाग दीनबंधु पत्रात येऊ लागले. हे पत्र आमच्याच ज्ञातीतील कै. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली काढले होते व या सुमारास ते आमच्याच ज्ञातीतील कै. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईस चालवीत. ग्रंथातील टीका सरकारवर व भटकारभारावर इतकी कडक होती की, आरंभीचे भाग छापून पुढील छापण्याचे लोखंडे यांनी टाळले. जोतीरावांस याचा अतिशय राग आला. लोखंडे हे गिरणी कामगारांचे कैवारी, सत्यशोधक समाजाचे कणखर कार्यकर्ते. त्यांच्या योग्यतेविषयी दुमत नाही. तरीही आपल्या माणसाच्या पत्रात आपल्या माणसाचा ग्रंथ अर्धवट राहिला ही गोष्ट खरी आहे. पत्र बंद पडले असते तर कामगारांचे काय झाले असते, असाही विचार त्यांच्या मनात असेल. आम्ही न्यायाधीश होऊ इच्छित नाही.

पुणे नगरपालिकेत जोतीराव १८७६ ते १८८२ पर्यंत सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याच्या ठरावास विरोध करणारे तेच एकटे निघाले. शहरासाठी मोठी मंडई बांधण्याचा विचार चालला तेव्हा, इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे पडले. भाजीपाल्याच्या दुकानावर वाढलेल्या माणसाने मंडईस विरोध करावा याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. मंडई झालीच, १८८६ साली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीस छावणी घालून अन्नान्न झालेल्या मुलांस जेऊ घातले तेही याच वर्षांतले काम होय, आणि त्यात स्वयंपाकापासून देखरेखीपर्यंत सावित्रीबाईंचा वाटा मोठा होता.

या दांपत्यास मूल नव्हते. दुसरे लग्न करावे म्हणून नातलगांनी जोतीरावांमागे लकडा लावला, तो त्यांनी मानला नाही. बालहत्या प्रतिबंधक गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेस झालेला मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेविले. आता ज्ञातीपुढे उघड प्रश्न आला. घर, विहीर, मळा जे काय आहे ते परक्या रक्ताच्या मुलास जाणार! जोतीरावांनी १० जुलै १८८७ रोजी मृत्युपत्र करून यशवंतासच वारस नेमिले. यशवंतास मुलगी देण्यास ज्ञातीतून कोणी सहज पुढे येईना. अखेर हडपसरचे ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली कन्या दिली व ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने विवाह झाला. याच ग्यानोबांचा स्वतःचा विवाह १८७४ साली विरोधाला न जुमानता सत्यशोधक पद्धतीने लागला होता. असे एखादे घर होते, म्हणून आपणांस आज ताठ मानेने हे लिहिता येते.

दि. २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यास मेजवानी झाली. सरदार-रावबहादुर जरीच्या पागोट्यांनी बसले असता जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले व राणीच्या पुत्रास खऱ्या रयतेचे दर्शन घडविले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईस मांडवीच्या कोळीवाड्यातील सभेत रावबहादुर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांनी त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. आणि त्याच वर्षी पावसाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले. उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हा शेवटचा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या पश्चात १८९१ साली निघाला. हाती आलेला पैसा लोकांसाठी खर्ची पडत गेला, आजारात कमाई थांबली, आणि एकेकाळचा मोठा मक्तेदार व बागाईतदार पैशास मोताद झाला. मामा परमानंद यांनी १८९० साली बडोदे सरकारास पत्र लिहून साहाय्याची विनंती केली, इतकी ओढाताण होती.

आपणांस दहन न करता मिठात घालून घरामागील मोकळ्या जागेत पुरावे अशी जोतीरावांची इच्छा होती व त्यासाठी त्यांनी जिवंतपणीच खड्डाही करवून ठेविला होता. दि. २८ नोव्हेंबर १८९० च्या पहाटे त्यांचे देहावसान झाले. वस्तीच्या जागेत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या नगरपालिकेत ते सहा वर्षे बसले तीच ही. नाइलाजाने दहन करावे लागले. टिटवे कोणी धरावयाचे यावरून भाऊबंदांनी तंटा मांडला. दत्तकास तो अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या. पुढे अस्थी घरी आणून त्याच मागल्या जागेत ठेविल्या व त्यावर तुळशीवृंदावन बांधिले. त्या दिवशी तंटा मांडणारे परके नव्हते. त्यांचा मुद्दा इस्टेटीचा होता. आणि इस्टेट म्हणजे काय, तर कर्जाने व औषधांनी पोखरलेला संसार, एक कौलारू घर आणि एक विहीर.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे, पण ती वाचवत नाही. १८९७ साली पुण्यास प्लेगचा कहर झाला. डॉ. यशवंतराव लष्करी नोकरीतून आले व सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी शहराबाहेर दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेग झालेल्या मुलास पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, मूल वाचले, त्यांस प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. यशवंतरावांच्या प्रथम पत्नी आधीच निवर्तल्या होत्या. त्यांनी दुसरा विवाह केला, एक कन्या झाली आणि १९०५ साली तेही गेले. मागे राहिल्या चंद्रभागाबाई व लहान मुलगी. पोट भरण्याचे साधन नाही, विचारणारे कोणी नाही. १९१० साली चंद्रभागाबाईंनी ते घर १०० रुपयांस विकले.

शंभर रुपये! त्या वेळी सत्यशोधक समाज गावोगाव पसरत होता, कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यास नवे बळ येत होते, जलसे चालू होते, जोतीरावांचा जयजयकार होत होता. त्याच दिवसांत त्यांची सून त्यांच्या अस्थींच्या जागेसह घर विकून उघड्यावर आली. पुढे तिचे दिवस फार हालांत गेले. ज्ञातीतील शंभर घरांनी एकेक रुपया काढला असता तरी भागले असते. आम्ही हा हिशेब पुष्कळ वेळा मनाशी केला आहे. कोणास बातमीच नव्हती, असे म्हणावे तर पुणे काही विलायतेत नव्हते. किल्लारी, औसा, निलंगा, उमरगा हा आमचा मुलूख त्या काळी निजामच्या राज्यात होता, आपले वडील अडाणी होते, वर्तमानपत्र गावात येत नव्हते, हे आमच्यापुरते खरे आहे व तेवढे आम्ही आमच्या वडिलांच्या बाजूने सांगतो. पुण्याच्या पंचक्रोशीतील धनिक बागाईतदारांस ही सबब लागू पडत नाही.

बारा वर्षांनी, १९२२ साली, ते घर सावता माळी फ्री बोर्डिंगने १५०० रुपये देऊन विकत घेतले. शंभराचे पंधराशे झाले, पण घर परत आले. खेड्यापाड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलांसाठी उघडलेल्या बोर्डिंगने ही जागा घ्यावी हा योग आम्हांस फार समाधानाचा वाटतो. ज्या संत सावता महाराजांचे नाव या बोर्डिंगास आहे त्यांचे अरण हे गाव आपल्यापासून फार दूर नाही. सोलापूर जिल्ह्यात माढे तालुक्यात ते आहे, आणि किल्लारीकडील कित्येक कुटुंबे तेथे दर्शनास जातात. सावता महाराज मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. मुळा-भाजीत त्यांस देव भेटला. जोतीरावांचा देवाविषयीचा विचार निराळा होता, मूर्ती व मध्यस्थ त्यांस मान्य नव्हते. तथापि मळ्यातील काम हलके नाही ही गोष्ट दोघांनीही सारखीच धरिली होती, आणि घर विकत घेणाऱ्या मंडळींस त्यात विसंगती वाटली नाही.

१९३८ साली पुणे नगरपालिकेने रे मार्केटचे नाव बदलून त्यास महात्मा फुले मंडई असे नाव दिले. ज्या इमारतीच्या खर्चास जोतीरावांनी विरोध केला तीवरच त्यांचे नाव झळकले. यावर हसावे की काय करावे, हे वाचकांनी ठरवावे. भाजीच्या पाट्या घेऊन येणारा माळी निदान रोज ते नाव घेतो, एवढे खरे. घराचे दिवसही पुढे पालटले. महात्मा फुले समता प्रतिष्ठान ही संस्था निघाली व तिने वाड्याच्या कामात लक्ष घातले. १९७२ साली राज्य शासनाने वाडा संरक्षित स्मारक म्हणून आपल्याकडे घेतला. त्या जागेस आता समताभूमी म्हणतात. ११ एप्रिल व २८ नोव्हेंबर या दिवशी तेथे हजारो माणसे येतात, आणि त्यांत सर्व जातींचे व सर्व पंथांचे लोक असतात. आमच्या ज्ञातीपेक्षा इतरांचीच संख्या अधिक भरते, असे आम्ही एकदा पाहिले आणि ते पाहून आम्हांस वाईट वाटले नाही. आपल्या अंगणाची विहीर सर्वांस खुली करणाऱ्या माणसावर एका ज्ञातीने हक्क कोणत्या तोंडाने सांगावा?

आम्ही गेलो तेव्हा गर्दीचा दिवस नव्हता. ओसरीत शाळेच्या पोरांची एक रांग बसली होती व त्यांच्या बाई त्यांस भिंतीवरील चित्रे समजावून सांगत होत्या. मागल्या बाजूस वृंदावनाशी आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. आमच्याबरोबर किल्लारीचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी भिंतीवर हात ठेवून तिची जाडी अजमाविली, वर कौलांकडे पाहिले, आणि माळवद नाही हे बरे, एवढेच ते बोलले.

मुलांच्या शिक्षणासाठी वा दवाखान्यासाठी पुण्यास जाणाऱ्या आमच्या सभासद कुटुंबांच्या माहितीसाठी लिहितो. वाडा मंडईपासून पायी जाण्यासारखा आहे. त्या पेठेस आता महात्मा फुले पेठ असे नाव आहे, तरी वृद्ध माणसे अजून गंज पेठच म्हणतात. दोन्हींपैकी कोणतेही नाव विचारले तरी वाट सापडते. जाताना मंडईतून दोन पैशांची फुले घेऊन जावी. ती वृंदावनाशी ठेवण्यास तेथे कोणी हरकत घेत नाही.